पाण्यातले देव

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागे पुष्पलता हेडाऊ यांचं दोन खोल्यांचं घर आहे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक पितळी गंज, म्हणजे उभट पातेलं, सव्वादोन वर्षं काठोकाठ पाण्याने भरलेला होता. तळाशी घरचे देव होते: अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, मुठीत मावेल एवढी महादेवाची पिंड, मारुती आणि कुलदेवीचा चांदीचा पातळ टाक. वरची देवघराची फळी रिकामी होती. त्या फळीवर सव्वादोन वर्षांत दिवा लागला नाही.

संकटात देव पाण्यात घालण्याची चाल जुनी आहे. आता ती मुख्यतः बोलण्यात उरली आहे. क्रिकेटचा सामना रंगला किंवा निवडणुकीचा निकाल लांबला की लोक म्हणतात, देव पाण्यात ठेवलेत. खरोखर कुणी ठेवत नाही. ठेवलेच तर एका रात्रीपुरते. काम झालं की देव बाहेर काढायचे, दुधादह्याने न्हाऊ घालायचे, गोडाचा नैवेद्य दाखवायचा. काम झालं नाही तर किती दिवस थांबायचं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

हेडाऊंच्या घरात याआधी देव एकदाच पाण्यात गेले होते. १९७४ साली उमरेडला पुष्पलताबाईंचे नवरे मारोतराव यांचे वडील तापाने बेशुद्ध पडले, तेव्हा मारोतरावांच्या आईने देव पाण्यात घातले. सकाळी वडिलांनी डोळे उघडून चहा मागितला. मारोतरावांच्या थोरल्या बहिणीने, यमुताईंनी, हे स्वतः पाहिलं होतं. नंतर घरात कुणीही आजारी पडलं की त्या चहाची आठवण निघे.

१७ नोव्हेंबर २०२२ रोजी दुपारी पावणेचार वाजता पुष्पलताबाईंचा एकुलता एक मुलगा चेतन हिंगण्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून मोटरसायकलवरून घरी येत होता. वय एकोणतीस. रिंग रोडवर मागून आलेल्या टँकरचा धक्का लागला. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा लावलेला नव्हता. सरकारी दवाखान्यात त्याची कवटी उघडून रक्त काढलं. शस्त्रक्रिया चालू असताना उमरेडहून यमुताईंचा फोन आला. त्यांनी एकच सांगितलं: उभ्या उभ्या घरी जा अन् देव पाण्यात टाक.

पुष्पलताबाई ऑटोने घरी गेल्या. देव पाण्यात ठेवताना त्या म्हणाल्या, "चेतन उठून बसला अन् मले आई म्हणलं, का तुमाले काढतो. तोवर नाही." वीस मिनिटांत त्या परत दवाखान्यात होत्या.

चेतन वाचला. एकेचाळीस दिवसांनी घरी आला, तेव्हा त्याच्या गळ्याला श्वासाचं छिद्र होतं आणि नाकात अन्नाची नळी. डोळे उघडे असत. ते कुणाकडे पाहत नसत. डॉक्टरांनी मारोतरावांना बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही. तो असाच राहील. किती दिवस, ते सांगता येत नाही. मारोतरावांनी हे घरी जसंच्या तसं सांगितलं. पुष्पलताबाईंनी ऐकून घेतलं आणि मुगाचं पाणी गाळायला घेतलं.

घर त्याच्याभोवती फिरू लागलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. दिवसातून सहा वेळा नळीतून पातळ अन्न. गळ्यातला कफ यंत्राने ओढायचा. हे चेतनची बायको मयुरी शिकली. तिचं लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. पुष्पलताबाई त्याला पुसत, तेल लावत, त्याच्याशी बोलत. मारोतराव सकाळी इतवारीतल्या साडीच्या दुकानात जात, तिथे ते साड्यांच्या घड्या घालत, आणि संध्याकाळी घरी आले की मुलाची दाढी करत.

एके काळी ते साड्या विणत. लग्नानंतर एकोणीस वर्षं नवराबायको एका मागावर बसले. करवती काठाच्या साडीला दोन माणसं लागतात: एकाने आडव्या धाग्याचा धोटा टाकायचा, दुसऱ्याने काठाचे दाते धाग्याधाग्याने गुंतवायचे. २००९ मध्ये ते काम थांबलं आणि माग मोडला. सूत भिजवणं हे तेव्हा पुष्पलताबाईंचं काम असे. कोरड्या सुतावर खळ, म्हणजे पिठाची पेज, धरत नाही. ते पाण्यात पूर्ण बुडालेलं राहिलं पाहिजे, मधेच वर येऊन सुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्यात काढलेलं सूत मागावर तुटतं, हे कोष्ट्याच्या घरात कुणाला समजवावं लागत नाही.

देवांच्या बाबतीतही त्यांचा हिशेब हाच होता. आपलं मागणं देवात मुरायला वेळ लागतो आहे. अर्ध्यात काढले तर सगळंच वाया. म्हणून त्या रोज सकाळी गंजाचं पाणी बदलत, ते ओतून नव्हे. एका हाताने नवं पाणी संथ सोडत, जुनं काठावरून वाहून जाई, आणि देव क्षणभरही उघडे पडत नसत. याला पंधरावीस मिनिटं लागत. सव्वादोन वर्षांत हे एकदाही चुकलं नाही.

पहिल्या वर्षी नातेवाईक काही बोलले नाहीत. भाद्रपदात घरात महालक्ष्म्या बसल्या नाहीत, तेव्हा कुजबुज झाली. दुसऱ्या वर्षीही बसल्या नाहीत, तेव्हा यमुताई स्वतः उमरेडहून एसटीने आल्या. गंजात वाकून पाहिलं. म्हणाल्या, "मी एका रातीचं सांगतलं होतं वं. तू त त्याइले जन्मठेप देली." शेजारचे नत्थूजी वीज मंडळातून निवृत्त झालेले, तोंडाने फटकळ. ते दारातून म्हणाले की वहिनी, आतापर्यंत देवाले पोहणं येऊन गेलं असंन. पुष्पलताबाईंना हसू आलं. मग त्या आत जाऊन गंजापाशी बसल्या आणि हसलो म्हणजे सोडलं असं समजू नका, असं देवांना सांगितलं.

मयुरीने एकदाच विषय काढला. ती म्हणाली, आई, मले यांच्यासाठी घरात एक दिवा लावावासा वाटते. पुष्पलताबाईंनी तिला तलावाकाठच्या देवळात जायला सांगितलं. ती दर मंगळवारी जाई. काय मागते, हे तिने कधी सांगितलं नाही.

मारोतरावांचं देवाशी नातं वेगळं होतं. घरात देव बसलेले नसल्यामुळे ते दुकानाच्या मागच्या खिडकीपाशी, सकाळची पहिली घडी घालण्याआधी, हात जोडून मिनिटभर उभे राहत. दुकानातल्या पोरींनी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते की मागून ठेवतो. देणारा आहे तो, त्याच्या सोयीनं देईन. मुलाची स्थिती ते बायकोपेक्षा जास्त जाणून होते. तरी त्यांचा हा विश्वास हलत नसे. पुष्पलताबाईंना याचा राग येई. देवाची शक्ती त्यांनाही मान्य होती. शंका होती ती त्याच्या इच्छेची. दुसऱ्या वर्षी त्यांनी भिजवण्याची भाषा सोडली होती. देव दाबून ठेवलाय, असं त्या म्हणू लागल्या होत्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चेतनला ताप चढला. कफ फुप्फुसात उतरला होता. त्याला पुन्हा दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी, १८ तारखेला, वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मारोतरावांना सांगितलं की औषध लागू पडत नाही. जवळच्यांना बोलावून घ्या. मयुरी खाटेपाशी थांबली. मारोतराव दुपारी एक वाजता धुतलेल्या चादरी न्यायला घरी आले. पुष्पलताबाई अंघोळीला आणि देवांच्या पाण्याला तासभर घरी आल्या होत्या. त्या गंजापाशी बसून तांब्याने पाणी सोडत होत्या.

मारोतरावांनी डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. मग म्हणाले, "आता तरी काढ."

"आताच त घट्ट धरा लागते."

"दोन वरसं धरलं. काय देलं त्यानं?"

"जीव देला ना."

"मंग देणारा आहे म्हणून राहिली ना तू?"

पुष्पलताबाईंनी पाणी सोडणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "देवाले सारं येते. त्याच्या मनात नाही. मनात असतं त करून नसतं टाकलं? म्हणून दाबून ठेवला."

मारोतराव चादरी पिशवीत भरत होते. ते थांबले. "ज्याच्या मनात नाही, त्याले दाबून काय होते वं? अन् ज्याच्या मनात आहे, त्याले दाबाचं काहून?"

एवढं बोलून ते पिशवी घेऊन निघून गेले.

पुष्पलताबाईंनी तांब्या खाली ठेवला. सव्वादोन वर्षांत त्यांनी देवाला एकच वाक्य ऐकवलं होतं, आणि ते वाक्य मागणं नव्हतं, अट होती, हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. चेतन उठून बसला नव्हता. आई म्हणाला नव्हता. अट पुरी झालेली नव्हती. त्यांनी हात पाण्यात घातला.

पितळेवर हिरवट काळा थर चढला होता. बोअरच्या पाण्याचा चुना बाळकृष्णाच्या पाठीवर पांढरा बसला होता. टाकाची चांदी काळी पडली होती आणि एक कड वाकली होती; देवीचा चेहरा बोटाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. त्यांनी एकेक देव जुन्या सुती लुगड्याने कोरडा केला आणि फळीवर ठेवला. दूध घरात होतं, पण ते चेतनच्या नळीसाठी आणलेलं. ते वापरलं नाही. समईत टाकायला वात नव्हती, सूत होतं. ते वळलं आणि दिवा लावला.

मग काय म्हणायचं, ते कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्या मनात आहे असं धरून चालतो. आता तुमीच पाहा."

त्या उठून दवाखान्यात गेल्या. वॉर्डात मारोतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. पुष्पलताबाईंनीच सांगितलं, काढले म्हणून.

त्यानंतर पाचव्या दिवशी ताप उतरला. २ मार्चला चेतन घरी आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दुसरं औषध लागू पडलं, आणि हेही म्हणाल्या की असा संसर्ग पुन्हा होईल. पहिलं वाक्य घरातल्या कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दुसरं मारोतरावांच्या राहिलं. यमुताई नारळ घेऊन आल्या. देव काढले अन् पोरगं परत आलं, ही गोष्ट गल्लीत पसरली, आणि ज्यांच्या घरात देव कधी पाण्यात गेले नव्हते अशा बायकाही पुष्पलताबाईंना भेटायला येऊ लागल्या. नत्थूजींनी संत्रा बर्फीचा डबा आणून दिला आणि पोहण्याची गोष्ट मागे घेतली.

त्यानंतरचे आठवडे पुष्पलताबाईंच्या आयुष्यातले बरे म्हणावे असे होते. चेतनमध्ये फरक नव्हता. पण सकाळसंध्याकाळ दिवा लागत होता, आणि त्या देवासमोर बसून मनातलं बोलत होत्या. चेतनने आज किती अन्न घेतलं, मयुरीची पाठ कशी धरते, मारोतरावांचा चष्मा कसा तुटला. अट नव्हती, धमकी नव्हती. मागणं होतं, रोज तेच: त्याले उठवा. मयुरीला त्यांनी स्वतः काडेपेटी हातात दिली. पहिल्या संध्याकाळी दिवा लावून ती फळीखाली इतका वेळ बसली की कूस बदलायची वेळ पुष्पलताबाईंनी गाठली.

मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांवर गेलं. कूलर चेतनच्या खाटेकडे तोंड करून दिवसभर चाले. ११ तारखेला त्याला पुन्हा ताप आला, आणि या वेळी दुपारपर्यंत श्वास इतका खाली गेला की दवाखान्यात नेल्याबरोबर यंत्र लावलं.

१२ तारखेला सकाळी यमुताई आल्या. त्या दवाखान्यात गेल्या नाहीत, सरळ घरी आल्या. माळ्यावर टाकलेला पितळी गंज स्वतः उतरवला, धुतला, पाण्याने भरला आणि देवघराच्या फळीखाली आणून ठेवला. पुष्पलताबाई चेतनसाठी कपडे घ्यायला आल्या होत्या.

"ठेव परत," यमुताई म्हणाल्या. "वेळ घालवू नको."

पुष्पलताबाई गंजाकडे पाहत राहिल्या. नंतर त्यांनी मयुरीला सांगितलं की त्या क्षणी त्यांचा हात फळीपर्यंत गेला होता. मारुती उचलला होता. पाणी होतं, देव होते, सगळं दोन मिनिटांचं काम होतं. त्यांनी मारुती परत ठेवला.

"सांगून बसली मी त्याले," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनात आहे म्हणून. आता कोन्त्या तोंडानं बुडवू?"

यमुताई म्हणाल्या की तोंड मोठं का पोरगं. पुष्पलताबाईंनी गंज उचलून मोरीत पालथा केला आणि कपड्यांची पिशवी घेऊन निघाल्या.

१४ मे २०२५, बुधवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चेतन गेला.

दहाव्या दिवशी, घरात वीसेक माणसं बसलेली असताना, यमुताई कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या, "पाण्यात होते तोवर पोरगं होतं." हा हिशेब तिथे बसलेल्या प्रत्येकाने केला होता. पुष्पलताबाईंनीही केला होता, आणि तो चूक आहे असं सिद्ध करायला त्यांच्याकडे काही नव्हतं. देव पाण्यात होते सव्वादोन वर्षं, तेवढा काळ तो जगला. देव बाहेर होते बारा आठवडे.

तेराव्यानंतर मयुरीचे वडील तिला उमरेडला घेऊन गेले. तिथे ती आता एका शिवणाच्या दुकानात काम करते. जाताना तिने सासूला वाकून नमस्कार केला. पुष्पलताबाईंनी तिला लवकर दुसरं लग्न कर म्हणून सांगितलं. मयुरी म्हणाली, पाहीन. दोघींनी सव्वादोन वर्षं एका शरीराची कूस बदलली होती. त्यापलीकडे एकमेकींशी काय बोलावं, हे त्यांना माहीत नव्हतं.

सुतक संपलं होतं. देवघराच्या फळीवरचं फडकं काढायचं होतं. पुष्पलताबाई वात करत बसल्या, तेव्हा मारोतराव खाटेवर होते, चेतनच्या. गादी काढून टाकली होती, नुसत्या पट्ट्या उरल्या होत्या. ते दुकानात जाऊ लागले होते, पण मागच्या खिडकीपाशी उभे राहत नव्हते. मालकाच्या हे लक्षात आलं होतं, त्याने विचारलं नव्हतं.

ते म्हणाले, "तुयंच खरं होतं. त्याच्या मनात नव्हतं."

पुष्पलताबाईंनी वात खाली ठेवली. चेतन गेल्यापासून त्या रडल्या होत्या, पण कुणावर रागावल्या नव्हत्या. "असं बोलू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यावर काढले मी. सारी दुनिया म्हणून राहिली का काढले म्हणून गेला. ऐकून घेतलं. आता तुमीच असं म्हणसान त मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

मारोतराव खाटेच्या पट्ट्या चाचपत राहिले.

"तुमी म्हणलं होतं मनात आहे. मी पाहून नाही मानलं. तुमी म्हणलं म्हणून मानलं. आता बदलाचं नाही."

"मंग काहून नेला त्यानं?"

"मले नाही माहीत."

बाहेर नत्थूजींच्या कूलरचा आवाज येत होता. पुष्पलताबाईंनी फडकं काढलं. घासून घासून पितळ पिवळं झालं होतं. टाक मात्र काळाच राहिला होता, देवीचा चेहरा अजून दिसत नव्हता. त्यांनी दिवा लावला आणि नवऱ्याला बसायला सांगितलं. ते उठले. फळीसमोर आले नाहीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले, अर्धे आत, अर्धे बाहेर.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता हेच होतं. पुष्पलताबाई हात जोडून बसतात. तुमच्या मनात आहे असं धरून चालतो, एवढं एक वाक्य म्हणतात आणि पुढे थांबतात, कारण पुढे जे मागायचं होतं ते आता मागता येत नाही. कधी त्या मयुरीचं नाव घेतात. बहुतेक दिवशी नुसत्याच बसतात. मारोतराव उंबऱ्यावर असतात. हात जोडत नाहीत. वात विझेपर्यंत उठतही नाहीत.